दोन मासे सोनं

गुंजवण्यात एखाद्या ओट्यावर निवांत बसा. राजगड समोर आहेच, त्याच्याकडे मग पाहू. हातातली अंगठी, कानातली बुगडी, जे असेल ते काढून तळहातावर घ्या. आधी नुसतं वजन जाणवू द्या.

या डोंगरउतारांवर वेलीला गुंजा लागतात. लालभडक, टोकाला काळा ठिपका. (विषारी असतात, पोरांच्या हाती देऊ नयेत.) सोनाराच्या तराजूत हेच बी वजन म्हणून पडायचं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हातातला डाग किती गुंजांचा असेल? मनाशी अंदाज करा. घाई नाही.

आता कस. सोनार काळ्या कसोटीवर डाग घासतो, शेजारी कस ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्हींवर तेजाब लावतो. कोणती रेघ किती फिकी पडली, हे त्याचा डोळा सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या डोळ्यावर विसंबलो.

हॉलमार्किंग केंद्रात डोळ्याऐवजी आधी क्ष-किरणांचं यंत्र असतं आणि मग भट्टी. भट्टीजवळ जरा रेंगाळा. दागिन्याचा चिमूटभर कीस काढून तोलतात. त्यात सोन्याच्या साधारण अडीचपट चांदी घालतात. इथे थांबा. सोनं किती शुद्ध हे पाहायचंय, आणि सुरुवात भेसळ वाढवण्यापासून! शिशाच्या पत्र्यात गुंडाळून ते सच्छिद्र वाटीत ठेवतात. भट्टी हजार अंशांच्या वर तापलेली. वितळलेलं शिसं तांब्याला सोबत घेऊन वाटीत मुरतं. मागे राहतो सोन्याचांदीचा मणी. तो ठोकून, लाटून पातळ पट्टी करतात, तिची सुरळी वळतात आणि नत्राम्लात उकळतात. चांदी निघून जाते. वरून चांदी घातली नसती, तर मूळची थोडकी चांदी सोन्याच्या पोटातच दडून राहिली असती, आम्ल तिथवर पोचलंच नसतं. हाती येते तपकिरी, ठिसूळ सुरळी. पुन्हा तापवली की पिवळी होते. ती तोलायची. हजारात ९१६ भरली, तर बावीस कॅरट.

आणि उरलेले ८४? त्यांच्यावर रागावू नका. चोख सोनं मऊ असतं. रोजच्या कामाच्या हातात ते टिकायचं नाही.

डाग उलटा करा. २३ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्कची सक्ती आली. त्यानंतरचा असेल तर आतल्या बाजूला त्रिकोणी चिन्ह, कॅरट आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बहुधा बारीक कोरलेला सापडेल. भिंग लागेल.

आता गडाकडे पाहा. तोरण्यावर सापडलेल्या धनातून तो बांधला, असं सांगतात. त्या धनाला कस कुणी लावला असेल? बसल्या बसल्या कल्पना करून पाहा.

दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. दोन ग्रॅम म्हणजे साधारण दोन मासे, सोळा गुंजा. नाकातली चमकी, बारशाचं कानातलं, ओवायचे चार मणी. हातावर पोट असलेल्या घरचं सोनं बहुतेक याच मापात बसतं, आणि ते ओळखीच्या सोनाराच्या शब्दावरच घेतलं जातं. यंत्र त्याचा वरवरचा कस सांगेल. भट्टीत घालायला कीस काढायचा, तर चमकीच शिल्लक राहायची नाही. घेताना निदान पावतीवर वजन आणि कॅरट लिहून मागा.