एकीने बोलावे, बाकीच्यांनी थांबावे

प्रोसेसरला स्वतःची म्हणावी अशी स्मृती फार थोडी असते. इंटेलचा १९७६ सालचा ८०८५ घ्या. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या कित्येक तुकड्या याच प्रोसेसरवर हात बसवून बाहेर पडल्या. रीसेट होताच तो शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर जातो आणि तिथे जे लिहिलेले असेल ते आज्ञा मानून पाळू लागतो. म्हणून त्या जागी वीज गेली तरी न विसरणारी ईप्रॉम ही चिप बसवतात. तिच्या माथ्यावर क्वार्ट्झची इवलीशी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश काही काळ आत सोडला की जुने लेखन पुसले जाते आणि नवा प्रोग्रॅम भरता येतो.

८०८५ला पत्त्याच्या १६ तारा, म्हणजे ६५,५३६ पत्ते. २७६४ या ईप्रॉममध्ये ८,१९२ बाइट मावतात; तिला १३ तारा पुरतात. उरलेल्या तीन तारा ७४१३८ या डीकोडरकडे जातात आणि तो आठांपैकी नेमकी एक चिप निवडतो. रिकाम्या जागी आणखी चिपा बसवत गेले की स्मृती वाढत जाते.

या जोडणीतली खरी गोम डेटाच्या तारांत आहे. सगळ्या चिपा त्याच आठ तारांना जोडलेल्या असतात. न निवडलेली चिप तारेवर एक ठेवत नाही आणि शून्यही ठेवत नाही, कारण शून्य हेही एक विधानच. ती स्वतःला तारेपासून अलग करून घेते. दोन चिपा एकदम बोलल्या तर एक चिप तार वर ओढते, दुसरी खाली. मग प्रोसेसरच्या हाती जे येते त्यावर विसंबता येत नाही.

पतंजलींनी स्मृतीची गणना चित्ताच्या पाच वृत्तींत केली आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध असे सांगितले. स्मृतीसारखा मोलाचा ठेवा आवरायचा कशासाठी, याचे एक उत्तर मला या जोडणीत दिसते. एक गोष्ट नीट आठवायची तर बाकीच्या शाबूत असूनही थांबलेल्या हव्यात. बहुश्रुत माणसाची परीक्षा साठ्यात होत नाही, ती या थांबवण्यात होते.

नवी चिप बसवणारा आधी तिचा पत्ता ठरवतो, मगच वीज सुरू करतो. शिकवणाऱ्यानेही माहिती देण्याआधी ती कुठे ठेवायची आणि केव्हा काढायची, हे सांगायला हवे.