वापरातलं चर्च

वसईच्या किल्ल्यात चर्चना तोटा नाही. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे, फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या फरशीत थडग्यांच्या कोरीव शिळा दिसतात. छप्पर नाही, माणसं नाहीत. घंटासुद्धा मराठ्यांबरोबर गेल्या. मेणवलीच्या, भीमाशंकरच्या देवळांत त्या आजही आहेत. किल्ल्याबाहेर नंदाखालला मात्र १५७३ साली स्थापन झालेलं पवित्र आत्म्याचं चर्च रविवारी गच्च भरतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्या आधारानं राहणारी वस्तीही पांगली. खेड्यातला बागायतदार कुठे जाणार? तो राहिला, म्हणून त्याचं चर्च राहिलं.

वास्तू जुनी होते ती वापरानं. मिस्सा संपली की आवारातलं दुसरं कामकाज सुरू होतं. लाल लुगड्यातल्या आज्या सावली धरून बसतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या विहिरीचं पाणी खारं झालं, ते तिथंच कळतं. १९१८ मध्ये सुरू झालेली बसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्था, आजची बँक, याच ओळखीपाळखीवर वाढली. दर रविवारी ज्याच्या शेजारी गुडघे टेकायचे, त्याचे पैसे बुडवणं जड जातं. पुढे टँकरनं होणारा पाण्याचा उपसा आणि बेसुमार बांधकामं यांविरुद्ध हरित वसईचा लढा उभा राहिला. त्याचं नेतृत्व नंदाखालच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी केलं, आणि त्यात हिंदू शेजारीही उतरले.

वापराची किंमतही असते. माणसं वाढली की गावकरी चर्च वाढवतात, फरशी बदलतात आणि वारसाप्रेमी हळहळतात. त्यांची हळहळ खोटी नाही. पण निवड करायचीच झाली, तर मी गावकऱ्यांच्या बाजूचा.

खरी अडचण वेगळी आहे. २०११च्या जनगणनेतच वसई-विरार बारा लाखांवर गेलं. टॉवरमधल्या बिऱ्हाडाला चर्च म्हणजे नाताळची रोषणाई. पाणी मात्र त्यालाही हवं, आणि टँकर ते याच जमिनीखालून उपसतात. मिस्सेला कधीच न येणाऱ्यालाही चर्चच्या आवारात पाण्यावर होणाऱ्या बैठकीत खुर्ची मिळते का, यावर ते चर्च गावाचं की एका समाजाचं, हे ठरेल. बाक भरलेले असणं हा ते गावाचं असल्याचा पुरावा होत नाही.