मागे थांब, असं कोण सांगतं?

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हा एक टप्पा कामथडीच्या शेजारी, नसरापूरला येऊन संपला. अशा वेळी आपले मोबाइल सायकलस्वारांकडे वळतात. त्यांच्या मागून टपावर जादा सायकली लावलेल्या गाड्या येतात, तिकडे कुणी फारसं बघत नाही. पण संघाची सूत्रं त्या गाड्यांतूनच हलतात.

सायकल शर्यत एकट्याचा खेळ वाटते. प्रत्यक्षात एकाने जिंकावं म्हणून बाकीचे पुढे राहून वारा अंगावर घेतात, त्याला पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर स्वतःची सायकलही देतात. कुणी जिंकायचं आणि कुणी झिजायचं, हे मॅनेजर आणि त्याची माणसं ठरवतात.

2012 च्या टूर द फ्रान्समध्ये डेव्ह ब्रेल्सफर्डच्या स्काय संघाचा नेता होता ब्रॅडली विगिन्स. आल्प्सच्या एका चढावर त्याचाच सहकारी ख्रिस फ्रूम पुढे निघाला. विगिन्स मागे पडू लागला. फ्रूमला कानातल्या यंत्रावर थांबायला सांगितलं गेलं आणि तो थांबला. विगिन्स जिंकला, फ्रूम दुसरा आला.

हा अन्याय होता का?

उत्तर देण्याआधी आपल्या घरात बघू. थोरल्याने बारावीनंतर शिरवळच्या कंपनीत लागायचं, म्हणजे धाकट्याला पुण्यात शिकता येईल. बहिणीचा निर्णय तर अनेकदा शर्यत सुरू होण्याआधीच झालेला असतो. ठरवणारे वडील दुष्ट नसतात. पैसे एकाच्याच फीपुरते असतात. दोघांना अर्धं अर्धं शिकवलं तर दोघंही अर्धवट राहतील, हा त्यांचा हिशोब खोटा नसतो.

म्हणजे त्याग मागणंच चूक, असं म्हणता येत नाही. पण फ्रूमला आपलं काम आधीपासून माहीत होतं, त्याचा पगार मिळत होता. विजेत्याने बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटायची, हा तर या खेळातला जुना रिवाज. पुढच्या वर्षी नेतेपद फ्रूमकडे आलं आणि त्याने टूर जिंकली. आपल्या थोरल्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं आणि त्याची पाळीही कधी येत नाही. वर धाकटा म्हणतो, ‘मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो.’

मागण्यालाही मर्यादा असते. लान्स आर्मस्ट्राँगच्या संघाचा मॅनेजर योहान ब्रुनील याच्या काळात विजयासाठी सहकाऱ्यांचं शरीर आणि खरेपणाही पणाला लागला. आर्मस्ट्राँगसाठी वारा खाणाऱ्यांपैकी 11 जणांनी शेवटी साक्ष दिली. 2012 मध्ये आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं गेली, 2018 मध्ये ब्रुनीलवर आजन्म बंदी आली.

एखाद्याची जागा काही काळ मागता येते. पण ती मागताना त्याला विचारावं लागतं, त्याची पाळी कधी येणार हे सांगावं लागतं, आणि जिंकल्यावर त्याचं नाव घ्यावं लागतं. आपल्यापैकी जे आज पुढे आहेत, त्यांनी घरी एक प्रश्न विचारून बघावा: माझ्यासाठी कुणाला थांबवलं होतं?