दान, देणे आणि अनुदान

दिवाळीत देण्याघेण्याचा विचार मनात यावयाचाच. दान आणि देणे हे शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि देणे फेडावे लागते. मग सरकार शेतकऱ्याला जे अनुदान देते, ते यांपैकी कशात बसवावयाचे?

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या शब्दांचा राहत नाही. बालाघाटाच्या माथ्यावरची ही शेती बहुतांशी पावसाच्या तोंडाकडे पाहणारी. केंद्राच्या २०१९ च्या योजनेप्रमाणे शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ पासून राज्याने तेवढीच भर घातली. म्हणजे महिन्याकाठी हजार रुपये. ही रक्कम क्षुल्लक आहे असे ज्याला वाटते, त्याने एकदा सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारून यावे.

माझी शंका रकमेविषयी नाही. ‘अनु’ म्हणजे मागोमाग. हे पैसे कोणाच्या मागोमाग जातात? सातबाऱ्याच्या. आता सातबारा म्हणजे मुळात दोन नमुने. सात क्रमांकाचा सांगतो जमीन कोणाची. बारा क्रमांकाचा सांगतो तीत उभे काय आहे. पैसे पाठविणारा सात वाचतो. निम्म्या वाट्याने शेत कसणारा बटाईदार त्या सातात कोठेच नसतो, आणि शेतमजूर तर नाहीच नाही. हैदराबाद राज्यात १९५० साली कुळकायदा झाला, तेव्हा कायदा कसणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला होता. आज मात्र कूळ लागेल या धास्तीने बटाई तोंडीच ठरते. ज्याला जपण्यासाठी कायदा केला, तोच कागदावरून नाहीसा झाला!

सरकारचीही अडचण आहे. तोंडच्या शब्दावर खजिना कसा उघडावा? उद्या गावातला एखादा बळकट मनुष्य दहा खोटे बटाईदार उभे करील. पूर्वी खळ्यावर बलुत्याचा वाटा चारचौघांदेखत मोजला जाई. कोणाचे हात राबले, हे कागदाला विचारावे लागत नसे. (त्या व्यवस्थेतला जातीचा जाच मी विसरलेलो नाही. तिचे गोडवे गाण्याची मला हौसही नाही.)

कळंबकडचे एक बटाईदार माझ्या ओळखीचे आहेत. शेताचा मालक पुण्यात एका दुकानावर नोकरीला. मनुष्य भला. हप्ता त्याच्या खात्यावर जमा होतो, आणि दिवाळीला तो त्यातले हजार रुपये बटाईदाराच्या हातावर ठेवतो, “पोरांना कपडे घ्या” म्हणून. मालकाच्या मते ही त्याची उदारी. सरकारच्या दृष्टीने तर बटाईदाराचा येथे संबंधच नाही. आणि माझ्या मते, जे त्याचे देणे होते, ते दुसऱ्याच्या हातून येता येता वाटेत दान झाले. देणाऱ्याचा दोष नाही, तरी घेणाऱ्याची मान खाली गेली.

मी त्यांना हे बोलून दाखविले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मालक वाईट न्हाई हो. पर ह्ये पैसं घेताना ‘उपकार झाले’ म्हणावं का ‘पोचले’ म्हणावं, एवढंच कळंना.”

दरसाल ते पैसे घेतात. आणि मालक पुण्याला निघाला की त्याच्या पिशवीत घरच्या तुरीची डाळ घालतात. मापाने भरतात, आणि वर एक मूठ जास्तीची.