पोल्लिनीच्या शेजारी

व्हेनिसच्या ज्युदेक्का बेटावर लुईजी नोनो या संगीतकाराचं घर होतं. तिथे दिवसरात्र घंटांचे आवाज येत, कधी धुक्यातून, कधी उन्हातून. १९७६ मध्ये पियानो आणि ध्वनिफीत यांच्यासाठी त्याने '...सोफेर्ते ओन्दे सेरेने...' लिहिलं, त्यात ते आवाज मुरलेले आहेत. सकाळी ऐकायला ही रचना तशी जड. तरी मी ती सकाळीच लावतो. दिवसाची गडबड सुरू झाली की तिचे खर्जातले स्वर हाती लागत नाहीत.

रचना मित्रासाठी होती: पियानोवादक मौरित्सिओ पोल्लिनी. त्या काळात दोघांच्याही घरी मृत्यू येऊन गेले होते. नोनोने मिलानच्या रेडिओ स्टुडिओत पोल्लिनीचंच वादन ध्वनिमुद्रित केलं. नुसते स्वर नव्हेत, पट्टीवरचा आघात आणि पायाखालच्या पेडलची धपधपही. त्यावर संस्कार करून फीत तयार झाली. म्हणजे पोल्लिनी मंचावर वाजवायला बसला की साथीला पोल्लिनीच!

साथ म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. इथे सवाल-जवाब नाहीत, जुगलबंदी तर नाहीच. पियानोची पट्टी दाबली की त्या क्षणापासून स्वर विरायलाच लागतो. त्याला गजाने ताणून धरता येत नाही. फीत त्या विरण्याला थोडी मुदतवाढ देते. हात कुठे संपला आणि फीत कुठे सुरू झाली, हे कान टवकारूनही पुष्कळदा कळत नाही.

आपल्याकडे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात, तेव्हा त्या तारा कोणाच्या बोटांनी छेडल्या हे कोणी विचारत नाही. इथे मात्र ते बोट विसरता येत नाही. नोनो १९९० मध्ये गेला, पोल्लिनी २०२४ मध्ये. आज दुसरा कोणी ही रचना वाजवायला घेतो, तेव्हा त्याच्या शेजारी चौतिशीतला पोल्लिनी वाजत असतो. आणि फीत कोणासाठी थांबत नाही. जुळवून घ्यायचं ते जिवंत माणसाने.

नव्या वादकाने स्वतःचं वादन मुद्रित करून नवी फीत करावी, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. दोन निराळ्या हातांचं ते किंचित न जुळणं ऐकण्यासाठीच मी आता पोल्लिनीपेक्षा इतरांची ध्वनिमुद्रणं अधिक शोधतो.