साथीचा धर्म

कलावंताचें मोठेपण कशानें मोजावें, या प्रश्नाचें उत्तर लोक बहुधा एका शब्दांत देतात: मैफलीनें. जो स्वतंत्रपणें बसून सभा डोलावयास लावतो तो मोठा; जो दुसऱ्याच्या बाजूस बसून साथ करतो तो त्याहून कमी; आणि जो घरीं मुलांस शिकवीत बसतो त्यानें तर केवळ उतारवयाची सोय पाहिली, असा सर्वसाधारण समज आहे. ही उतरंड आम्हांस मान्य नाहीं. ती अन्यायाची तर आहेच. परंतु कलेच्या स्वरूपाविषयींच्या एका मूळच्याच गैरसमजांतून ती निघाली आहे, असें आम्हांस वाटतें.

व्हायोलिन वाजविणाऱ्याच्या बाबतींत हा प्रश्न विशेष स्पष्टपणें उभा राहतो. हें वाद्य युरोपियन लोकांबरोबर आपल्या देशांत आलें. दक्षिणेंत बाळुस्वामी दीक्षितांच्या (१७८६–१८५८) काळीं तें गाण्याच्या साथीस बसलें, तें तेथून अद्याप उठलें नाहीं. याच्या पट्टीवर पडदे नसतात. त्यामुळें मींड आणि गमक हीं गळ्यांतून निघावीं तशीं त्यांतून निघतात. पण पडदे नाहींत म्हणजे आधारहि नाहीं. बोट केसभर सरकलें कीं स्वर ढळतो, आणि तो ढळला हें सांगावयास कानावांचून दुसरा साक्षी नसतो. व्हायोलिन शिकणें म्हणजे आधीं ऐकावयास शिकणें होय.

महाराष्ट्रांत या वाद्याचा विचार करूं लागतांच गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांचें नांव पुढें येतें. वडील अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि ग्वाल्हेर गायकीचे नामांकित गवई. घरांत एवढी विद्या असतां दुसऱ्याच्या दारीं जाण्याचें बुवांना वरकरणी कारण नव्हतें. तरी ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे गेले, जयपूर घराण्याच्या भूर्जीखांसाहेबांकडे गेले, आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखांसाहेबांकडेहि गेले. व्हायोलिन मात्र त्यांनीं बहुतांशीं स्वतःच्या श्रमानेंच साध्य केलें. गवई आणि वादक अशा दोन्ही नात्यांनीं त्यांनीं नांव मिळविलें, आकाशवाणीची नोकरी केली, आणि शिष्य घडविले. श्रीधर पार्सेकरांनीं त्यांच्यापासून व्हायोलिन घेतलें. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे यांनीं गाणें घेतलें.

येथें कोणी म्हणेल कीं, हा शिकविण्यांतला वेळ बुवांनीं आपल्या मैफलींसाठीं राखला असता तर त्यांची कीर्ति याहून पुष्कळ वाढली असती. आक्षेप पोकळ नाहीं. विद्यार्थ्यास दिलेला तास हा रियाजांतून कापलेला तास असतो. कच्चे स्वर दिवसच्या दिवस ऐकणें ही तयार कानास शिक्षाच आहे. हा खर्च शून्य आहे असें सांगणारा मनुष्य एक तर कधीं शिकला नसावा, किंवा त्यानें कधीं शिकविलें नसावें.

परंतु मागील पिढ्यांतील उस्ताद आपल्या चिजा झांकून कां ठेवीत, हेंहि पाहिलें पाहिजे. राजाच्या मर्जीवर ज्याचें अन्न अवलंबून, त्यास ती चीज हीच मिरासदारी होती. त्यास कृपण म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तरी झांकलेली विद्या मालकाबरोबरच जाते, हें कांहीं खोटें होत नाहीं. बुवांनीं तीन घराण्यांतून मिळविलें तें शिष्यांच्या हवालीं केलें. कशाळकरांच्या गाण्यांत आज ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर एकत्र नांदतात. बुवांची मैफल १९८७ सालीं संपली. त्यांचें दान अद्याप संपलेलें नाहीं.

आतां साथीचा विचार करूं. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत व्हायोलिनच्या मैफली क्वचित्‌च होतात. पण साथ म्हणजे काय, हें येथील माणसास शिकवावें लागत नाहीं. तुळजाभवानीचा गोंधळ त्यानें लहानपणापासून ऐकलेला असतो. नाईक कथा सांगतो, संबळ लय धरतें, तुणतुणें सूर सांभाळतें, आणि झीलकरी नाईकाच्या ओळीचा शेवट उचलून धरतो. त्या क्षणभरांत नाईकास श्वास मिळतो आणि पुढचें कथानक सुचतें. झील लवकर उचलली तर कथा तुटते, उशीर झाला तर ती पडते. झीलकऱ्यास सगळी कथा ठाऊक असावी लागते; तरी सांगण्याचा मान दुसऱ्याचा असतो.

यावर दुसरा आक्षेप येतो: मग साथ म्हणजे लाचारीच कीं काय? आम्ही म्हणतों, नव्हे. लाचार मनुष्य गवयाची चूकहि गिरवितो. खरा साथीदार आपला विवेक गहाण टाकीत नाहीं. विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) आणि बिस्मिल्लाखां यांची व्हायोलिन व सनई यांची जुगलबंदी प्रसिद्धच आहे. एकाचें वाद्य श्वासावर चालतें, दुसऱ्याचें गजावर. श्वास संपतो, तसा गजहि परततो. त्या जागा एकमेकांनीं सांभाळल्या म्हणजेच दोन वाद्यांचा एक संवाद होतो. तेथें एकजण थांबतो तो हरला म्हणून नव्हे. दुसऱ्याचें बोलणें पुरें व्हावें म्हणून.

मात्र विनय हा ज्याचा त्यानें स्वीकारावयाचा गुण आहे. दुसऱ्यावर लादला कीं तो विनय राहत नाहीं. साथीदाराचें नांव पत्रिकेंत बारीक टाइपांत छापावयाचें, त्याच्या हातावर बिदागी शेवटीं आणि तीहि अर्धीमुर्धी ठेवावयाची, आणि मग भाषणांत त्याच्या नम्रतेची तारीफ करावयाची, ही रीत सभ्य समाजास शोभत नाहीं.

मैफल, साथ आणि शिकवणी हे तीन वेगळे धंदे नव्हेत. तिन्हींस एकच शक्ति लागते, ती ऐकण्याची. मैफलींत कलावंत आपला स्वर ऐकतो, साथींत सोबत्याचा, आणि शिकवितांना अद्याप नीट न लागलेला स्वर ऐकतो. यांतील शेवटचें ऐकणें सर्वांत कठीण आहे, आणि त्यास टाळ्या सर्वांत कमी मिळतात. म्हणून आपल्या जिल्ह्यांतील एखादा मुलगा वा मुलगी व्हायोलिन हातीं घेऊं म्हणेल, तेव्हां त्यांतून कीर्ति किती मिळेल हा हिशेब आईबापांनीं मागें ठेवावा. मुलास दुसऱ्याचें धीरानें ऐकवतें कीं नाहीं, एवढें प्रथम पाहावें. तें साधत असेल तर पुढें तो व्यासपीठाच्या मध्यावर बसो वा बाजूस, त्याचें जिणें हलकें ठरणार नाहीं.