अंशतः खरे आहे

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीची स्वतःची एक भाषा आहे. आमदार विचारतो, ‘अमुक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाहीत, हे खरे आहे काय?’ उत्तर येते, ‘हे अंशतः खरे आहे.’ पुढचा उपप्रश्न, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली?’ उत्तर, ‘कार्यवाही सुरू आहे.’ शेवटचा, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ आणि त्याचे ठरलेले उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणणाऱ्या चार माणसांना हे शेवटचे वाक्य वाचून दाखवावे, असे मला कधीकधी वाटते. त्यांचा प्रश्न तेव्हा त्यांच्या खांद्यावर असतो.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. 2011 च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या, दहातले जवळपास सात आदिवासी. या जिल्ह्याकडे कुणाचे लक्ष नाही, असे म्हणण्याची सोय नाही. देशातले पहिले आधार कार्ड 2010 मध्ये इथल्याच टेंभलीत दिले गेले. 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव आहे. के. सी. पाडवी आणि विजयकुमार गावित हे आदिवासी विकास खात्याचे लागोपाठचे दोन मंत्रीही याच जिल्ह्याचे होते. सुकथनकर समितीने 1992 मध्ये सुचवल्यापासून राज्याच्या योजना-खर्चातला लोकसंख्येइतका, म्हणजे सुमारे 9 टक्के वाटा आदिवासींसाठी ठेवायचा असतो. कुपोषण आणि बालमृत्यूंसाठी 1995 पासून नवसंजीवनी योजना आहे, तिच्या बैठका आहेत, बैठकांची इतिवृत्ते आहेत.

मग अडते कुठे? माझ्या मते हिशेब विचारण्याच्या रीतीतच अडते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेची 2016-17 ते 2021-22 या वर्षांची तपासणी केली. डॉक्टरांची सुमारे 27 आणि परिचारिकांची 35 टक्के पदे रिकामी असल्याचे तीत आढळले. चोख काम. पण अहवाल विधिमंडळात आला डिसेंबर 2024 मध्ये. तपासणीच्या पहिल्या वर्षी सातपुड्यात जन्मलेले मूल, जगले असेल तर, तोवर तिसरीत गेले असेल. आता अहवालावर लोकलेखा समिती बसणार, खाते खुलासा देणार, समिती शिफारस करणार, खाते शिफारशीवर काय केले ते कळवणार. या सगळ्यात कुणीच खोटे बोलत नाही, आणि तरीही शेवटी काही हलत नाही.

विधिमंडळाच्या समित्या जिल्ह्यांतही येतात. विश्रामगृहे रंगतात, रस्त्यांचे खड्डे दोन दिवसांत बुजतात, अधिकारी फायली घेऊन रांगेत उभे राहतात. मे 2025 मध्ये अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी शेजारच्या धुळ्यात, शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे 1 कोटी 84 लाख रुपये रोख सापडले. पैसे कुणाचे, हे ठरवणे तपासाचे काम. पण सरकारी खर्चावर नजर ठेवायला आलेल्या समितीच्या दौऱ्यात बेहिशेबी रोकड सापडावी, याहून बोलके ते काय?

आणि गंमत अशी की हिशेब विचारायची दुसरी रीत याच जिल्ह्यात करून पाहिलेली आहे. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. राज्यपातळीवर पुण्याची ‘साथी’ संस्था काम पाही. प्रश्न साधे. नर्सताई गावात आली का? बाळाचे वजन झाले का? बाहेरून औषध आणायला लावले का? बाळंतपणात कुणी पैसे मागितले का? उत्तरांवरून गावाचे गुणपत्रक भरायचे : हिरवा, पिवळा, लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल रंग वाचता येतो. मग जनसुनवाई, अधिकारी समोर, माणसे समोर. तिथे ‘अंशतः खरे’ म्हणणे फार अवघड जाते, कारण ज्या बाईने पैसे मोजले ती पुढच्याच रांगेत बसलेली असते.

जनसुनवाईने रिकामी पदे भरत नाहीत, हे मान्य. त्यासाठी तिजोरीच्या किल्ल्या हव्यात, आणि त्या विधिमंडळाकडे आहेत. एकीकडे अचूक प्रश्न, दुसरीकडे अधिकार. या दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

वेळापत्रकही आडवे येते. हिवाळी अधिवेशन नागपुरात डिसेंबरमध्ये. दिवाळी सरली की सातपुड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरे कडेवर घेऊन. अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ लिहिले जाते. म्हणजे नागपुरात ज्यांच्याविषयी उत्तरे छापली जातात, ती मुले त्या दिवशी बहुधा बारडोलीच्या बाजूला उसाच्या फडात असतात.

माणसे परततात ती होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला. सुमारे त्याच दिवसांत मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असते आणि आरोग्याच्या मागण्या मंजूर होत असतात. लोकलेखा समितीने तेव्हा एक दिवस काढावा आणि आपली बैठक मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात घ्यावी. विश्रामगृह नको, हारतुरे नकोत. आजूबाजूच्या पाड्यांची गुणपत्रके नव्याने भरून घ्यावीत, समोर ठेवावीत आणि जिथे लाल रंग आहे तिथपासून विचारायला सुरुवात करावी. भाषेची अडचण आलीच तर भिली आणि पावरी जाणणाऱ्या आशाताई तिथे भेटतील.